दुखत नाही, म्हणूनच बघा: तोंडातल्या मऊ भागांची तपासणी

मागचे चार भाग आपण दातांबद्दल बोललो. कीड, मुळांचे उपचार, कवळी, मुलांचे वेडेवाकडे दात. आज दात बाजूला ठेवूया. दातांच्या भोवती जे जे मऊ आहे, म्हणजे ओठ, गालाची आतली बाजू, हिरड्या, जीभ, जिभेखालची जागा आणि टाळू, त्याबद्दल आज बोलायचं आहे. दंतवैद्याकडे आलेला माणूस याबद्दल सहसा विचारत नाही. आणि खरं सांगायचं तर बरेचदा दंतवैद्यही तिकडे बघत नाही. मीही एकदा बघितलं नव्हतं. सुरुवात तिथूनच करते.

माझं शिक्षण नागपूरला झालं आणि गेली एकवीस वर्षं माझा दवाखाना इंदूरला आहे. दवाखान्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली गोष्ट. आमच्या भागातले एक काका आले. वय चोपन्न. खालच्या दाढेचा तुकडा मोडला होता आणि त्याचं टोक जिभेला लागत होतं. मी टोक घासून गुळगुळीत केलं, दाढ भरली. उठता उठता ते म्हणाले, "हल्ली तिखट खाल्लं की जिभेला जरा चरचरतं." मी विचारलं, तंबाखू वगैरे? म्हणाले, "आठ वर्षांपूर्वी सोडली." मी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून दिल्या.

आठ महिन्यांनी ते परत आले. जिभेच्या उजव्या कडेला, मागच्या बाजूला, रुपयाएवढा व्रण होता आणि जबड्याखाली एक टणक गाठ. कॅन्सर होता. जिभेचा काही भाग आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागल्या, नंतर रेडिएशन. काका वाचले, आजही आहेत. पण गणेशोत्सवात निवेदन करणारा तो माणूस त्यानंतर कधी माईकसमोर उभा राहिला नाही. त्यांनी मला एकदा शांतपणे विचारलं, "तेव्हा जीभ बाहेर काढायला सांगितली असती, तर दिसलं असतं का?"

मी म्हटलं, "कदाचित दिसलं असतं." दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाची जीभ मी बाहेर काढून बघते, मग तो दात साफ करायला आलेला का असेना. दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं काय असतात, ते आज तुम्हाला सांगते.

आधी निरोगी तोंड ओळखा

आजार ओळखायचा तर आधी निरोगी तोंड कसं दिसतं ते माहीत हवं. नाहीतर आरशात पहिल्यांदा नीट बघितल्यावर घाबरून जायला होतं. दर महिन्याला एकदोघं तरी माझ्याकडे अशा गोष्टी दाखवायला येतात, ज्या मुळात आजार नसतातच.

जिभेच्या अगदी मागे, घशाजवळ, मोठ्या गोल पुळ्यांची एक ओळ असते. ती सगळ्यांनाच असते, चवीचं काम करते. गालाच्या आत किंवा ओठाच्या आत रव्याच्या कणांसारखे पिवळसर ठिपके दिसतात, त्या तेलग्रंथी आहेत. वरचे आणि खालचे दात जिथे मिटतात, त्या रेषेत गालावर आतून एक पांढरट रेघ असते, ती दातांच्या घर्षणाची. हिरड्यांवर तपकिरी-काळसर छटा आपल्याकडे खूप जणांना असते, तो त्वचेसारखाच नैसर्गिक रंग आहे. टाळूच्या मधोमध हाडाचा टणक उंचवटा काहींना असतो. वय झालं की जिभेखाली निळसर शिरा फुगलेल्या दिसतात.

ओळखायची सोपी खूण म्हणजे दोन्ही बाजू ताडून बघणं. उजव्या गालात जे आहे तसंच डाव्या गालात असेल आणि वर्षानुवर्षं तसंच असेल, तर ते बहुधा तुमचं स्वतःचं आहे. एकाच बाजूला असेल, नवीन असेल, बदलत असेल, तर दाखवायला हवं.

तोंड येणं आणि तोंडात काहीतरी असणं

आपल्याकडे तोंडातल्या कुठल्याही व्रणाला "तोंड आलंय" म्हणतात. उष्णता वाढली, पोट साफ नाही, जागरण झालं, अशी कारणंही घरातच ठरतात. तोंड येणं हा खरोखरचा आणि निरुपद्रवी आजार आहे. तो असा दिसतो: छोटा, गोल किंवा लंबगोल व्रण, तळ पिवळसर, भोवती लाल कडा. ओठांच्या आत, गालात, जिभेच्या कडेला किंवा खाली, म्हणजे जिथली कातडी सैल असते तिथे होतो. दुखतो खूप, मीठ लागलं की जीव जातो. आणि सात ते चौदा दिवसांत कुठलंही औषध न लावता भरून येतो. काही जणांना तो पुन्हा पुन्हा होतो. अशांनी रक्तातलं लोह, बी-१२ आणि फॉलिक ॲसिड तपासून घ्यावं.

दुसरा नेहमीचा व्रण म्हणजे लागून झालेला. मोडका दात, कवळीची कड, गरम चहा, चुकून चावलेली जीभ. कारण दूर केलं की तोही तेवढ्याच दिवसांत भरतो.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा: दोन आठवडे. तोंडातला कुठलाही व्रण, चट्टा किंवा गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर ती डॉक्टरांना दाखवायची. व्रण दिसला त्या दिवशी कालनिर्णयवर खूण करा आणि मोबाइलमध्ये एक फोटो काढा. "बरेच दिवस झाले" हे वाक्य मी रोज ऐकते आणि खोदून विचारलं की त्याचे तीन महिने निघतात. तारीख लिहिलेली असली की स्वतःलाच फसवता येत नाही.

इथे एक सावधगिरी. दुकानातून आणलेलं बधिर करणारं जेल लावलं की दुखणं थांबतं, पण व्रण तिथेच असतो. जेल लावायला हरकत नाही, मात्र दिवस मोजणं थांबवू नका.

आणि आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तोंड येतं ते दुखतं, म्हणून माणूस धावत येतो. कॅन्सरची सुरुवात बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून माणूस थांबतो. दुखण्याची वाट बघायची नाही.

पांढरं, लाल आणि न उघडणारं

कॅन्सर बरेचदा एका रात्रीत उगवत नाही. त्याच्या आधी अनेकदा काही महिने, कधी काही वर्षं, तोंडात काहीतरी दिसत असतं. त्यातल्या तीन गोष्टी ओळखायला शिका.

पहिला, पांढरा चट्टा. गालात किंवा जिभेवर पांढरं दिसलं तर आधी स्वच्छ कापडाने हलकेच पुसून बघा. पुसून निघालं आणि खाली लालसर जागा दिसली, तर ती बहुधा बुरशी. मधुमेह ताब्यात नसलेल्यांना, दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांना, रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना ती होते. औषधाने जाते, पण का झाली हे शोधावं लागतं. पुसून निघालं नाही आणि दुसऱ्या कुठल्या आजारात बसत नसेल, तर त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. असे बहुतेक चट्टे कॅन्सरपर्यंत जात नाहीत. पण काही जातात, आणि नुसतं बघून कुठले जातील हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून तपासणी. गालात दोन्ही बाजूंना जाळीसारख्या पांढऱ्या रेघा असतील आणि तिखट लागत असेल, तर तो लायकेन प्लॅनस असू शकतो. तो वेगळा आजार आहे, पण त्यावरही वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं.

दुसरा, लाल चट्टा. मखमलीसारखा, कडा ठळक, कधी मधे मधे पांढरे ठिपके. पांढऱ्यापेक्षा हा कमी आढळतो, पण कितीतरी जास्त धोक्याचा. अशा चट्ट्याचा तुकडा तपासला की बहुतेक वेळा आत कॅन्सर किंवा त्याच्या अगदी अलीकडची अवस्था सापडते. लाल चट्टा दिसला तर दोन आठवडेही थांबू नका.

तिसरं, तोंड न उघडणं. आधी तिखट सोसेनासं होतं. मग गालाची आतली कातडी फिकट आणि ताठ होते, बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात, आणि हळूहळू तोंडाचा आ लहान होत जातो. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि याचं मुख्य कारण सुपारी आहे. सुपारीतला ॲरेकोलीन हा घटक कातडीखालचे तंतू जास्त बनवायला लावतो, आणि सुपारीतल्या तांब्यामुळे ते तंतू एकमेकांत घट्ट विणले जातात, सहजी विरघळत नाहीत. म्हणून सुपारी सोडल्यावर आजार पुढे सरकणं मंदावतं, पण आवळलेलं तोंड आपोआप पूर्वीसारखं होत नाही. व्यायाम, इंजेक्शनं, गरज पडली तर शस्त्रक्रिया करून जमेल तेवढं मोकळं करावं लागतं. आणि अशा तोंडात कॅन्सर होण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो.

घरच्या घरी तपासायची युक्ती सांगते. स्वतःची तर्जनी, मध्यमा आणि अनामिका एकमेकींना चिकटवून, हात आडवा करून, बोटं एकावर एक येतील अशी वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर दाखवा.

"पण मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी," असं मला खूप जण सांगतात. आपल्या घरांत जेवणानंतरची सुपारी, हळदीकुंकवाची पानसुपारी, मुलांच्या हातातली गोड सुपारीची पुडी, हे सगळं निरुपद्रवी धरलं जातं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात एकट्या सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, माणसात कॅन्सर करणारा पदार्थ म्हणून पहिल्या गटात टाकलं आहे.

तुम्ही कुठे राहता, तसं तोंडात कुठे बघायचं

ही मालिका बघणारे लोक नागपूरपासून हैदराबादपर्यंत आणि बडोद्यापासून बेळगावपर्यंत आहेत. प्रत्येक ठिकाणचं व्यसन वेगळं, आणि ते तोंडात जिथे ठेवलं जातं तिथेच आधी बिघाड दिसतो. विदर्भात खर्रा, गुजरातेत मावा, आमच्याकडे पाऊच, हे गालात ठेवायचं. मग गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खाच बघायची. चुना-तंबाखू मळून खालच्या ओठात बार भरणाऱ्यांनी ओठ उलटा करून बघायचा. मिश्री लावणाऱ्या आमच्या मावश्या-आत्यांनी हिरड्या बघायच्या. आंध्रच्या किनारपट्टीवर काही बायका चुट्टा पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, त्यांची टाळू बघायची.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या २१.४ टक्के भारतीयांकडे बिनधुराची तंबाखू आढळली. म्हणजे पाचातला एक. तुमच्या घरात नसेल तर शेजारच्या घरात आहे. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा फोन फुकट आहे. सोडून काही वर्षं झाली असतील तर उत्तम, धोका हळूहळू कमी होत जातो. पण तो लगेच शून्य होत नाही, हे मला काकांनी शिकवलं. सोडलेल्यांनीही बघत राहायचं. आणि कधीच काही न खाणाऱ्यांनाही हा आजार क्वचित होतो, म्हणून तपासणी सगळ्यांनी करायची.

आरशासमोर पाच मिनिटं

महिन्यातून एकदा, दात घासल्यावर, चांगल्या उजेडात करा. हात धुवा. कवळी असेल तर काढा, चूळ भरा. एका हातात मोबाइलचा टॉर्च घ्या.

१. चेहरा आणि मान. दोन्ही बाजू सारख्या दिसतात का? जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपा. न दुखणारी, टणक, न हलणारी गाठ लागली तर दाखवायची.

२. ओठ. बाहेरून बघा. मग खालचा ओठ खाली आणि वरचा वर ओढून आतून बघा.

३. गाल. बोटाने गाल बाहेर ओढा आणि मागे अक्कलदाढेपर्यंत बघा. मग आत तर्जनी, बाहेर अंगठा, असा गाल चिमटीत धरून चाचपा. मऊ आणि सारखा लागला पाहिजे.

४. हिरड्या. पुढून आणि आतून. गालाच्या खाचेत बघायला विसरू नका.

५. जीभ. आधी वरून. मग जिभेचं टोक स्वच्छ रुमालाने धरा, उजवीकडे ओढून डावी कड, डावीकडे ओढून उजवी कड बघा. जितकं मागे दिसेल तितकं. काकांचा व्रण तिथेच होता.

६. जिभेखाली. टोक टाळूला लावा आणि खालची जागा बघा. एक बोट आत, दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली, आणि मधला भाग चाचपा.

७. टाळू. मान मागे टाका, "आऽऽ" म्हणा.

शोधायचं काय? न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, जाडसर किंवा कडक जागा, सहज रक्त येणारी जागा, कारण नसताना हलणारा दात, बधिरपणा, गिळताना अडकल्यासारखं वाटणं, नीट बसणारी कवळी अचानक न बसणं. बोटाला कडकपणा लागणं ही खूण डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेइतकीच महत्त्वाची. तोंड आल्याचा व्रण मऊ असतो, कॅन्सरच्या व्रणाची कड आणि तळ बहुधा टणक लागतात.

जिभेची मागची कड आणि जिभेखालचा भाग स्वतःला पूर्ण दिसत नाही. म्हणून वर्षातून एकदा दंतवैद्याकडे जाल तेव्हा मोकळेपणाने सांगा, "डॉक्टर, दातांसोबत जीभ आणि गालही बघा." कोणी रागावणार नाही. मला काकांनी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नुसतं बघून खरंच फरक पडतो?

पडतो, आणि याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ च्या सुमारास एक मोठा अभ्यास सुरू झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, बॅटरीच्या उजेडात लोकांची तोंडं तपासली. संशयास्पद दिसलं त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या लोकांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या भागांच्या तुलनेत, सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. महागडं यंत्र नाही. उजेड, बोटं आणि काय बघायचं याची माहिती, एवढंच.

आता सरकारी कार्यक्रमातही ३० वर्षांवरच्या प्रत्येकाच्या तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी करायची तरतूद आहे. गावात आशाताई किंवा नर्सबाई या तपासणीबद्दल विचारायला आल्या, तर "मला काही होत नाही" म्हणून परत पाठवू नका.

तुकडा काढायचा म्हटलं की

डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली की घरात सभा बसते. "चाकू लावला की पसरतं," असं कोणीतरी म्हणतंच. मंडळी, हे खरं नाही. तुकडा काढल्याने साधा चट्टा कॅन्सर होत नाही. मग हा समज आला कुठून? लोक इतके उशिरा येतात, की तपासणी आणि वाईट बातमी एकाच आठवड्यात येतात. दोष मात्र चाकूला लागतो.

प्रत्यक्षात दात काढताना देतात तसंच भूल देणारं इंजेक्शन. वाटाण्याएवढा किंवा त्याहून लहान तुकडा. एखाददुसरा टाका. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत प्रयोगशाळेत जातो, आणि काही दिवसांत अहवाल येतो. त्यात "डिस्प्लाझिया" हा शब्द असला तर घाबरू नका. त्याचा अर्थ पेशींचा तोल बिघडायला लागला आहे, अजून कॅन्सर नाही. सौम्य, मध्यम की तीव्र, यावर पुढचं ठरतं: लक्ष ठेवायचं की चट्टा काढून टाकायचा. ही वेळ सापडणं हेच तर आपल्याला हवं असतं. पहिल्या टप्प्यात सापडलेला तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो, आणि बोलणं-गिळणंही बरंचसं टिकतं. उशीर झाला की दोन्ही अवघड होतात.

गेल्या दिवाळीत काका भेटायला आले होते. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता. काका आता सावकाश बोलतात, काही अक्षरं घसरतात, पण समजतं. खुर्चीकडे बोट दाखवून भावाला म्हणाले, "बस. जीभ काढ."

भावाच्या गालात नखाएवढा पांढरा चट्टा निघाला. तुकडा तपासला, सौम्य डिस्प्लाझिया. चट्टा काढला, सुपारी सुटली, दर तीन महिन्यांनी तो दाखवायला येतो.

तुम्हाला आजचं काम एवढंच. आज रात्री दात घासल्यावर दिवा बंद करायच्या आधी जीभ बाहेर काढा आणि दोन्ही कडा बघा. आणि घरात सुपारी, खर्रा किंवा मिश्री असलेलं जे कोणी असेल, त्यांनाही आरशासमोर उभं करा.

पुढच्या भागात सुपारी सोडताना पहिल्या तीन आठवड्यांत काय होतं आणि त्याला तोंड कसं द्यायचं, ते बघू. नमस्कार.